जुन्या कपड्यांचे गाठोडे

आगमनकाळ सुरू झाला, की आमच्या चर्चच्या व्हरांड्यात गाठोडी जमू लागतात. मिस्सेनंतरच्या सूचनांत एक वाक्य दरवर्षी ठरलेले असते: गोरगरिबांसाठी जुने परंतु वापरण्याजोगे कपडे आणून द्यावेत. वाक्य साधे आहे, हेतू चांगला आहे. गाठोडी सोडून कपडे निवडण्याचे काम गेली सहा वर्षे आमच्याकडे आहे, आणि 'वापरण्याजोगे' ह्या शब्दाचा अर्थ आपल्या धर्मग्रामात काय होतो हे ह्या सहा वर्षांत आम्ही पुरते शिकलो आहोत.

बटणे तुटलेले सदरे, चेन बिघडलेल्या विजारी, काखेत विरलेली पोलकी, एकाच पायाचा मोजा. टिकल्या-मण्यांनी मढवलेला, कुणाच्या तरी वाढदिवसाला एकदाच घातलेला आणि नंतर घट्ट झालेला झगा. शाळेचे नाव छापलेला गणवेश. एका गाठोड्यात मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली निघाली. दुसऱ्यात गव्हाणीच्या देखाव्यातला, डोके उडालेला संत योसेफ निघाला, दोन मेंढरांसह. तो कचऱ्यात टाकायला देणाऱ्याला धीर झाला नसावा. गरिबाला द्यायला मात्र झाला!

वाचकहो, रागावू नका. ही गाठोडी दयेपोटी बांधलेली नाहीत, कपाटात जागा व्हावी म्हणून बांधलेली आहेत. नाताळची खरेदी घरात यायची असते, त्यासाठी जुने बाहेर जायचे असते, आणि ते जाता जाता थोडे पुण्यही पदरात टाकून गेले तर कोणाला नको असते? आपली ख्रिस्ती दया ही आपल्या चंगळवादाचे मागचे दार होऊन बसली आहे, असे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे आम्ही न्यायासनावर बसून मांडत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून मांडत आहोत. ते कसे, हे पुढे येईलच.

तीन वर्षांपूर्वी अशीच गाठोडी टेम्पोत भरून आम्ही पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर गेलो. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. वाडीत दोन म्हातारी माणसे, काही कोंबड्या आणि कड्या घातलेली दारे, एवढेच सापडले. बाकीची मंडळी वीटभट्टीवर गेली होती. कपडे परत नेणे बरे दिसेना, म्हणून टेम्पो भट्टीकडे वळवला. तिथे एका बाईने तो टिकल्यांचा झगा हातात घेतला, उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बाई, हे घालून इटा कशा पाडायच्या?" तिने टोमणा मारला नव्हता, खरोखरच प्रश्न विचारला होता. मग तिने झग्याची नीट घडी घालून तो आमच्या हाती परत दिला आणि लांब बाह्यांचा पुरुषाचा सदरा आहे का, असे विचारले. भट्टीवर बायका लुगड्यावरून पुरुषांचे सदरे घालतात. ऊन लागत नाही, राखेने हात सोलवटत नाहीत. सदरे आमच्याकडे ढीगभर होते. बटणे एकालाही धड नव्हती.

ही माणसे भट्टीवर का जातात, हे पनवेलकरांना ठाऊक असायला हवे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या भिंती त्यांनी पाडलेल्या विटांच्या आहेत. पावसाळ्यात कातकऱ्याच्या हाताला काम नसते. सणासुदीला, आजारपणाला, लग्नाला पैसा लागतो. तो भट्टीवाल्याकडून किंवा मुकादमाकडून मिळतो. त्याला 'उचल' म्हणतात. दिवाळी झाली की उचल फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर राहायला जाते. माती मळायची, साच्यात विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी रचायची. मोजणी हजारावर होते. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची हातावर ठेवतात आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्या हिशेबात उचल फिटली तर नशीब; नाही फिटली तर ती पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीत संपते, अशी ह्या मुलांची शाळा. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. त्याला पन्नास वर्षे झाली. मात्र कर्जाने माणूस बांधून घालायला साखळदंड लागत नाही. एक वही पुरते.

कातकरी हे नाव 'कात' ह्या शब्दावरून आले. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी मोहोर बसली आणि तो धंदा गेला. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना सरकार अति असुरक्षित आदिम जमातींत करते, त्यांपैकी ही एक. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. रायगड जिल्ह्यात कित्येक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी विचारले नाही. आता भाव आला आहे.

आणि पनवेलएवढा भाव आज कुठल्या जमिनीला आहे! १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे जुने बाजाराचे गाव. कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाने इथे चहा प्यायलेला असतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण ह्या टापूतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आपण ज्या वसाहतींत हप्त्याने घरे घेतली, मुलांना इंग्रजी शाळांत घातले, वेदी उभारून मिस्सा साजरी केली, त्या वसाहतींखाली कुणाची तरी भातखाचरे आहेत.

अलीकडची गोष्ट अधिक ताजी आहे. विमानतळासाठी दहा गावे उठली. उलव्याचा डोंगर कापून सपाट केला, उलवे नदीचे पात्र वळवले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि प्रवासी विमाने सुरू झाली ती नेमक्या २५ डिसेंबरला, प्रभुजन्माच्या दिवशी. आम्ही सकाळची मिस्सा आटोपून बाहेर आलो तेव्हा पटांगणात विषय एकच होता: आता जागेला काय भाव येणार? गव्हाणीत बाळ ठेवून अर्धा तासही झाला नव्हता. त्या बाळाच्या आईबापांना तर जागाच मिळाली नव्हती!

येथे एक गोष्ट बाजूला म्हणून सांगतो. आपल्या बैठकांत आगरी तरुणांच्या उधळपट्टीवर फार चवीने बोलले जाते. भूखंडाचा पैसा आला, मोठ्या गाड्या घेतल्या, लग्नात लाखो उडवले, वगैरे. बोलणारे स्वतः कर्ज काढून गाडी घेतलेले असतात. त्यांनी घेतली तर ती उधळपट्टी, आपण घेतली तर ती गरज! ज्याची जमीन गेली त्याने जमिनीचा पैसा कसा खर्चावा हे त्याच जमिनीवर राहायला आलेल्यांनी शिकवू नये, असे आम्हांला वाटते.

मग आपण कोण? नवीन पनवेलच्या, कळंबोलीच्या, खारघरच्या मराठी मिस्सेला येणाऱ्या माणसांत डोळे फिरवून पाहा. कोणी वसईचे, कोणी मुंबईच्या चाळीतून आलेले, आणि पुष्कळसे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ह्या भागांतले. आमचे घराणे त्या शेवटच्या गटातले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने खडी फोडली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि शाळेत वाटली जाणारी सुकडी ह्यांची चव आमच्या वडिलांना मरेपर्यंत आठवत होती. मिशनच्या आवारात जे मिळत होते त्याच्यासाठी रांगेत उभे राहणे काय असते, हे आपल्यापैकी निम्म्या घरांच्या मागच्या पिढीला ठाऊक आहे. घेणाऱ्याची मान कशी वाकते ते आपण आपल्याच घरात पाहिले आहे. असे असूनही देताना आपण विरलेली पोलकी देतो!

आता कबुलीजबाब. आमच्या मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची गोष्ट. समारंभ साधाच करू, असे आम्ही उभयतांनी ठरवले होते. परंतु तिच्याबरोबरच्या एका मुलीसाठी हॉल घेतला होता, दुसरीसाठी हॉल आणि डीजे, तिसरीकडे प्रत्येक पाहुण्याला परतीची भेट. शेवटी आमच्याकडे तीनही झाले. पांढऱ्या झग्याच्या शिलाईपासून तीन मजली केकपर्यंत सारे काही झाले आणि एकूण आकडा लिहिण्याची आम्हांला लाज वाटते. मुलीला त्या सकाळी प्रथमच प्रभू भाकरीच्या रूपात भेटला. संध्याकाळी तिला विचारले, आज काय आवडले? ती म्हणाली, केकमधून उडालेले फवारे.

त्या घटनेचा दुसरा भाग आमच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. समारंभाच्या चार दिवस आधी आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंनी दोन हजार रुपये उचल मागितली होती. मुलाची परीक्षेची फी भरायची होती. त्या जालन्याकडच्या; रुळांलगतच्या झोपड्यांत राहतात; आमच्याकडे नऊ वर्षे आहेत. आम्ही म्हणालो, "मावशी, ह्या महिन्यात फार खर्च आहे हो, पुढच्या महिन्यात बघू." त्या "बरं ताई" म्हणाल्या. समारंभाच्या रात्री हॉलवरून आणलेले उरलेले अन्न आम्ही त्यांना डबे भरभरून दिले. किती प्रेमाने दिले म्हणून सांगू! त्यांनीही घेतले. फी त्यांनी दुसऱ्या घरून उसनी घेऊन भरली, हे आम्हांला दोन महिन्यांनी कळले.

भट्टीवाला उचल देऊन माणूस बांधतो, म्हणून आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडतो. आम्ही उचल नाकारून मोकळे झालो. नऊ वर्षांत मावशींना रविवारची सुट्टी नव्हती. रविवारी तर आमच्याकडे पाहुणे. आम्ही मिस्सेला जायचो, आणि आमचा शब्बाथ नीट पाळला जावा म्हणून त्या भांडी घासायच्या.

धनवान मनुष्य आणि लाजरस ह्यांचा दाखला संत लूककृत शुभवर्तमानात आहे, आपल्याला तो पाठ आहे. एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात येत नाही. त्या धनवानाने लाजरसाला मारले नाही, हाकलले नाही, त्याचे काही चोरलेही नाही. तो रोज दारातून आत-बाहेर करीत होता आणि लाजरस दारातच होता, इतकेच. त्याच्या मेजावरून पडलेले तुकडे कदाचित लाजरसाला मिळतही असतील. आमच्या डब्यांसारखे! तरीही दोघांच्या मध्ये दरी पडली ती पडलीच. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, अशी आज्ञा नियमशास्त्रात आहे. शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे संत याकोब श्रीमंतांना बजावतो. ह्या दोन्ही ठिकाणी दानाविषयी एक शब्द नाही. विषय मजुरीचा आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगितली आहे, की ती प्रत्येक चर्चच्या दारावर लावायला हरकत नाही: न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करावे, न्यायाचे देणे दानधर्म म्हणून पुढे करू नये. १९९१ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी आपल्या विश्वपत्रात म्हटले, की चांगले जगावे असे वाटण्यात पाप नाही. परंतु 'असणे' सोडून 'जवळ असणे' हेच ज्या जीवनाचे ध्येय बनते ते जीवन चुकीच्या वाटेवर आहे. ते वर्ष आठवा. त्याच वर्षी आपल्या देशाने बाजाराची दारे सताड उघडली. आपण विश्वपत्र वाचले नाही. बाजारात मात्र गेलो.

आणि योगायोग पाहा. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑक्टोबरला, रोममधून पोप चौदावे लिओ ह्यांचे पहिले प्रेषितीय बोधपत्र प्रसिद्ध झाले, 'दिलेक्सी ते'. पोप फ्रान्सिस ह्यांनी ते लिहायला घेतले होते. त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने पूर्ण केले. विषय एकच: गरिबांविषयीचे प्रेम. भिक्षादान सोडून देऊ नका, असेही त्यात आग्रहाने सांगितले आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. कारण ह्या लेखाचा आधार घेऊन कोणी दानपेटीत टाकायची नोटही खिशात परत ठेवील! परंतु गरिबाला हवे असते ते मुख्यतः धड काम आणि कामाचा धड मोबदला, हेही त्याच पत्रात आहे. पहिली बातमी आपल्या सर्वांच्या मोबाईलवर त्या दिवशी दहा-दहा वेळा आली. दुसरी किती जणांकडे आली?

आम्ही हे बोलू लागलो, की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले: आम्ही काय श्रीमंत आहोत? हप्ते फेडता फेडता जीव जातो. हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. मोबाईलचा हप्ता, गाडीचा हप्ता, सहलीचा हप्ता. ही आपली उचल आहे! आपणही हिशेबाच्या दिवसाची वाट पाहत हंगाम काढतो. फरक एवढाच, की आपल्या मुकादमाचे ॲप असते. कातकरी मात्र पोटासाठी बांधला गेला. आपण कशासाठी?

दुसरे उत्तर: गरीब दारू पितात, त्यांना देऊन उपयोग नाही. आपल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आणि स्नानसंस्काराच्या पार्ट्यांत टेबलांवर काय असते, हे लिहून आम्हांला धर्मग्रामातले उरलेसुरले मित्र गमवायचे नाहीत.

तिसरे उत्तर शिकलेल्या मंडळींचे: आपण खरेदी करतो म्हणून गरिबांना रोजगार मिळतो, मॉलमध्ये शेकडो पोरे कामाला आहेत. आहेत, खरेच आहेत. आपल्याच धर्मग्रामातली काही आहेत. त्यांतल्या एकाला आम्ही विचारले, बसायला मिळते का रे? त्याने आधी मागे वळून पाहिले, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग मान हलवली. रोजगार मिळतो एवढ्यावर जर सारे भागत असते, तर भट्टीवरही रोजगारच मिळतो.

दया करावी कशी, ह्याचे धडे शोधायला दूर जावे लागत नाही. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर नगर भागात आयुष्यभर राबले. दुष्काळात धान्य वाटून लोक पुन्हा पुढल्या दुष्काळात हात पसरतात, हे त्यांनी पाहिले आणि ते पाण्याच्या मागे लागले. गावकऱ्यांनी श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे. त्यातून पाणलोट विकासाची मोठी चळवळ उभी राहिली. ते २०२१ साली वारले. गाठोडे बांधणे त्यांना कितीतरी सोपे गेले असते.

बेल्जियमच्या धर्मभगिनी सिस्टर जीन देवोस ह्यांनी १९८५ साली राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. मोलकरणीला जुनी साडी देण्यापेक्षा तिला कामगार म्हणावे, एवढी साधी मागणी. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र तो अजून लागू करून घेतलेला नाही. सरकारला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात तो लागू आहे का, हे पाहता येईल. आमच्या नव्हता.

आपल्याच तालुक्यात नेऱ्याला शांतिवन आहे, जिथे कुष्ठरोग्यांना माणूस म्हणून वागवले गेले. त्याच परिसरात मुंबईच्या फुटपाथांवरून उचलून आणलेल्या निराधारांना सांभाळणारा सील आश्रम आहे. पहिले काम गांधीमार्गी लोकांचे, दुसरे अन्य पंथीय ख्रिस्ती बांधवांचे. आपल्या मंडळींपैकी फार तर वाढदिवसाला जेवण द्यायला काही जण तिथे जातात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात.

आणि तळोजा. तो तुरुंगही आपल्या पनवेल तालुक्यातच. झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ह्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली आणि एल्गार प्रकरणात त्यांना तळोजाला ठेवले गेले. कंपवाताने हात थरथरत. पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्रे येथील रुग्णालयात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. साथीचा काळ होता, भेटीला जाणे शक्य नव्हते, हे मान्य. परंतु त्या हिवाळ्यात आपल्या मिस्सेत, आपल्या प्रार्थनांत, शेजारच्या त्या कोठडीचा उल्लेख किती वेळा झाला? आम्ही आठवण्याचा प्रयत्न केला. आम्हांला आठवते ते ऑनलाईन मिस्सेपुढे लावलेल्या झाडाचे कौतुक. मरण पावल्यावर मात्र आम्ही सर्वांनी मेणबत्त्या लावल्या. मेलेल्या संताला जागा लागत नाही.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. पुण्याकडे जाताना उजव्या-डाव्या बाजूला कुठे नेढे दिसते म्हणून आपण मुलांना दाखवतो, त्या इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरवाडी. १९ जुलैच्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गाठोडी जमू लागली. भावना खरी होती, ह्याबद्दल शंका नाही. पण आठ दिवसांनीही ती गाठोडी फाटकाशी पावसात भिजत होती, कारण घेऊन जाणार कोण हे ठरवायचे राहिले होते. आमचे दोन शेजारी तेवढे चौकला गेले, तात्पुरत्या निवाऱ्यापाशी थांबले, काय लागते ते विचारून आले आणि मग नेमके तेच घेऊन पुन्हा गेले. त्यांपैकी एकही ख्रिस्ती नव्हता.

विचारून यावे, मग द्यावे. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची पद्धत नेमकी हीच आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी ती सुरू केली तेव्हा त्यांचा आग्रह एवढाच होता, की गरिबाच्या घरी स्वतः जा, बसा, ऐका. ओझानाम ह्यांना १९९७ साली धन्यवादित घोषित केले गेले. पाठवणे आणि जाणे ह्यांत जे अंतर आहे ते त्या धनवानाच्या दारापासून मेजापर्यंतच्या अंतराएवढे आहे.

गेल्या नाताळानंतरच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या. गाठोडी बंद करावीत. द्यायचे असेल तर नवे द्यावे, आणि विचारून द्यावे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा अल्पोपहार सर्व मुलांचा एकत्र, चर्चच्या पटांगणात व्हावा. हॉल नको, भेटी नकोत. आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची एक सुट्टी, दिवाळीला किंवा नाताळला एक पगार आणि आजारपणात पगारी रजा देत असल्याचे आपल्या लघु ख्रिस्ती समूहात सांगावे. पहिल्या मुद्द्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्याला कुजबुज झाली. एक भगिनी म्हणाल्या, मुलांचा आनंद हिरावून घ्यायचा काय? तिसऱ्या मुद्द्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि म्हणाले, की हा घरगुती प्रश्न आहे, ह्यात धर्म आणू नये. मग सामोसे आले.

मावशींना आम्ही मार्चपासून रविवारची सुट्टी दिली. पहिल्या रविवारी त्या सवयीने आल्याच, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, काही चुकलं का माझं?" त्यांना परत पाठवायला आम्हांला पंधरा मिनिटे लागली. मागची नऊ वर्षे त्यांना कशी परत करायची, हे अजून सुचलेले नाही.

तिसरा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. ती बैठक दुसऱ्या रविवारी, मराठी मिस्सेनंतर आहे. आम्हांला थोडा उशीर होईल, भांडी घासून यायचे आहे. तोवर कोणी विषय मिटवून टाकू नये.